एका पोटदुखीचा हिशोब: लंडन १८८७ ते आपलं स्वयंपाकघर



आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सीए आहे. पण गेल्या वर्षी एका आजाराचा इतिहास मला वाचावा लागला. तो तुमच्याही कामी येईल, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आमच्या धाकटीचं पोट जवळजवळ वर्षभर दुखत होतं. फुगायचं, कधी जुलाब, कधी चार-चार दिवस काहीच नाही. उंची होती तिथेच. सासूबाई फोनवर म्हणाल्या जंत असतील, आई म्हणाली नजर काढ, मी म्हटलं शाळेचा ताण असेल. मग कुठेतरी वाचून आम्ही घरातला गहूच बंद केला. तीन आठवड्यांत पोर उड्या मारायला लागली. वाटलं, सुटलो!

इकडच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून पोळी परत सुरू करा. रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत, सहा आठवडे. मग रक्त तपासू." मला इतका राग आला! बरं झालेल्या लेकराला मी पुन्हा दुखणं वाढायचं? त्या रागातच मी वाचायला बसले.

या आजाराचं नाव सीलिॲक. त्याचं पहिलं नीट आधुनिक वर्णन केलं सॅम्युएल गी या डॉक्टरांनी, ५ ऑक्टोबर १८८७ ला, लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात. त्याआधी सुमारे सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी ॲरिटियस नावाच्या ग्रीक वैद्याने अशा रुग्णांबद्दल लिहिलं होतं, नावाचं मूळही तिथलंच. गी यांनी एक गोष्ट अचूक ओळखली: हा आजार बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल. पण कुठल्या आहाराने? त्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य सांगितला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल म्हटलं. म्हणजे बरोबर उलटं! त्यांच्याच लेखात एक मूल आहे, ते रोज लिटरभर डच शिंपले खाऊन छान बाळसं धरत होतं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि आजार परतला. पोटभर शिंपले खाणाऱ्या मुलाच्या पोटात पाव फारसा जात नसणार, हे आज आपल्याला सुचतं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष ताटात काय आहे याकडे होतं. ताटातून काय गेलं, हे कोणी पाहिलं नाही.

हीच चूक पुढे मोठ्या प्रमाणावर झाली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार मांडला. पाव, बिस्किटं, बटाटे बंद, केळी भरपूर. मुलं खरोखर सुधारली. त्या काळी या आजाराने मुलं दगावत होती, त्यामुळे केळ्यांचा बोलबाला झाला आणि अनेक वर्षं टिकला. हास यांना वाटलं, गुण केळ्याचा. खरा गुण होता गहू बंद झाल्याचा. मग बऱ्या झालेल्या मुलांना पुन्हा पाव दिला जायचा आणि आतडं आतून पुन्हा झिजायला लागायचं.

आमच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. ट्रायल बॅलन्स जुळतो, पण नोंद भलत्याच खात्यात पडलेली असते. बेरीज बरोबर म्हणून कोणी वही पुन्हा उघडत नाही. केळ्यांनी वैद्यकशास्त्राची वही जवळजवळ पंचवीस वर्षं बंद ठेवली.

ती उघडली नेदरलँड्समध्ये. विलेम कारेल डिके हे १९३६ पासून हेगच्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख होते. एका तरुण आईचं निरीक्षण त्यांच्यापर्यंत पोचलं, असं सांगतात: पाव काढला की माझ्या मुलाच्या अंगावरचं पुरळ जातं. डिके यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. १९४१ मध्ये गव्हाशिवायच्या आहारावर त्यांचा पहिला लेख आला. म्हणजे युद्धातल्या उपासमारीने हा शोध लावला, ही लोकप्रिय गोष्ट अर्धीच खरी आहे. १९४४-४५ च्या 'भुकेच्या हिवाळ्यात' जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगत होते, हजारो माणसं मेली. पाव मिळेना, तेव्हा सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. युद्धाच्या शेवटी विमानांतून पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा संशय पक्का झाला.

पण संशय म्हणजे पुरावा नाही. मला सगळ्यात भावला तो यापुढचा भाग. युट्रेख्टचे रसायनतज्ज्ञ वान दे कामर यांनी शौचातली चरबी अचूक मोजायची पद्धत काढली. मुलाने किती चरबी खाल्ली, किती बाहेर पडली, उरलेली अंगी लागली. शुद्ध जमाखर्च! तांदूळ, मका, बटाट्याचा स्टार्च दिला तर काही बिघडत नव्हतं. गहू किंवा राय दिली की काही दिवसांत 'खर्च' वाढायचा. डिके यांचा प्रबंध १९५० चा. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष गव्हाच्या स्टार्चमध्ये नाही, ग्लूटेनमध्ये आहे. कणीक मळल्यावर तिला ताण येतो, तो याच ग्लूटेनमुळे.

१९५६ मध्ये मार्गोट शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढायची सोय केली. अन्न शोषणाऱ्या बोटांसारख्या उंचवट्यांचं सपाट मैदान झालेलं डॉक्टरांना जिवंत रुग्णात दिसू लागलं. १९९७ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी शरीराची प्रतिकारशक्ती नेमक्या कुठल्या एन्झाइमवर उलटते ते शोधलं. आजची टीटीजी ही रक्ततपासणी त्यातूनच आली.

आणि आपण? 'हा गोऱ्यांचा आजार' ही समजूत कधीच खोटी ठरली आहे. १९६६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर भारतीय मुलांमधल्या सीलिॲकवर लेख आला. १९७३ मध्ये बर्मिंगहॅमच्याच डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये आशियाई स्थलांतरितांच्या मुलांमधले रुग्ण नोंदवले. आपल्यासारख्याच घरातली मुलं ती. आज जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असावा असं मानतात.

आता डॉक्टरबाईंची पोळी कळली ना? टीटीजी तपासणी ग्लूटेनवर उठलेला दंगा मोजते. गहू बंद केला की दंगा शमतो आणि तपासणी 'सगळं ठीक' म्हणते. मी केलं होतं ते हास यांचंच: बरं वाटलं, वही बंद. माझा तर्क नशिबाने बरोबर निघाला. चुकीचा असता तर खरा आजार तसाच आत राहिला असता.

ते सहा आठवडे कठीण गेले. पोळी वाढताना मी तिच्याकडे बघत नव्हते. पण निदान झालं, सीलिॲकच. आता कायमचा, कागदावरचा उपचार आहे. शाळेला, विमान कंपनीला, आजीलाही दाखवता येतो.

म्हणून चार गोष्टी.

मुलाचं पोट आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, वजन-उंची अडली असेल, लोह सतत कमी येत असेल, तर रोजचं खाणं, शौच, दुखणं तारखेनिशी लिहा. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत ती वही तुमच्यापेक्षा स्पष्ट बोलते.

तपासणीआधी गहू बंद करू नका. केला असेल तर लपवू नका, सांगा. आणि पुन्हा कधी, किती सुरू करायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

एकाचं निदान झालं की भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्या.

आणि निदान झाल्यावर मसाल्याचा डबा उघडा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपलेच आहेत, पिठात भेसळ नसली की झालं. पण डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आणि मेतकुटात गहू भाजून घालतात! लेकीचं पोट बिघडलं की मी वर्षभर प्रेमाने काय देत होते? मऊ भात, तूप, मेतकूट.

आईने आता बिनगव्हाचं मेतकूट करून पाठवलंय. बरणीवर तिच्या अक्षरात लिहिलंय, "फक्त छोटीचं. कोणी हात लावू नये."