डिशवॉशर : भांडी नीट न निघणे

डिशवॉशरमधून भांडी चिकट, पांढुरकी किंवा खरकट्यासह बाहेर येण्याचा दोष. पुणे शहर व परिसरात याचे मूळ यंत्रापेक्षा यंत्रात येणाऱ्या पाण्यात अधिक वेळा सापडते. म्हणून या नोंदीत पाण्याला अग्रक्रम दिला आहे.

पूर्वपीठिका : घासणीऐवजी पाण्याच्या झोताने भांडी धुणारे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन यांचे. त्याचे एकस्व २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळाले. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते मांडले होते. सुरुवातीचे गिऱ्हाईक हॉटेलेच होती. भारतात हे यंत्र बराच काळ हौसेची वस्तू राहिले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांची फाटके कामाच्या मावशींना बंद झाली, तेव्हा मागणी एकाएकी वाढली. मावशी परतल्यावर काही घरांत त्याच यंत्राचे धुतलेली भांडी ठेवायचे कपाट झाले.

कार्य : यंत्र तळाशी थोडे पाणी घेते, ते तापवते आणि पंपाने फिरत्या फवारादांड्यांतून भांड्यांवर मारते. तेच पाणी जाळीतून गाळून पुन्हापुन्हा फिरवले जाते, मग सोडून दिले जाते. एका पूर्ण धुण्याला साधारण १० लिटर पाणी लागते. ज्या पृष्ठभागावर फवारा पोचत नाही तो धुतला जात नाही, मग पावडर कितीही भारी असो.

पुण्याचे पाणी : शहराचा मुख्य पुरवठा खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचा. घाटमाथ्याच्या पावसाचे हे पाणी मृदू असते. साबणाला फेस चटकन येतो, तूरडाळ लवकर शिजते. पूर्व भागाला भामा आसखेड धरणाचेही पाणी मिळते. तीही तक्रारीची बाब नाही. तक्रार सुरू होते ती बोअर आणि टँकरपासून. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्यांपैकी उंड्री, पिसोळी, वाघोली, सूस, म्हाळुंगे अशा भागांत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागून आल्या किंवा यायच्या आहेत. तिथे टाकीत बोअर, टँकर आणि असेल तर महापालिकेचे पाणी, अशी मिसळ असते. तिचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. पिण्यासाठी ही मुभा चालते, यंत्राला ती जाचते. ४०० मिलिग्रॅम काठिण्याचे १० लिटर पाणी म्हणजे एका धुण्यात ४ ग्रॅम चुनखडीइतके क्षार. त्यांतला काही भाग काचेच्या पेल्यांवर, काही तापकावर आणि काही फवाऱ्याच्या भोकांच्या कडेला बसतो. शिवाय हे क्षार पावडरीतील घटकांना अडकवून ठेवतात, त्यामुळे तेलकटपणाही सुटत नाही. तक्रार ‘पावडर बोगस आहे’ अशी येते, पण पावडर तेलापर्यंत पोचलेलीच नसते.

यावर यंत्रातच तोड असते. आत येणारे पाणी प्रथम राळेच्या कणांच्या कप्प्यातून जाते. राळ कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते व बदल्यात सोडियम देते. राळ भरत आली की मिठाचे पाणी फिरवून ती पुन्हा ताजी केली जाते. हे किती वेळा करायचे, ते काठिण्याच्या सेटिंगवर ठरते. सेटिंगचा आकडा बहुधा जर्मन अंशांत दिलेला असतो. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम, म्हणून २०० मिलिग्रॅमचे पाणी सुमारे ११ अंशांचे. यंत्र बसवायला आलेला माणूस पट्टी बुडवून एकदा आकडा लावून जातो. तो ऑगस्टात आला असेल तर आकडा पावसाळ्यातल्या मिसळीचा असतो, आणि एप्रिलात टँकर सुरू झाला की भांड्यांवर पांढरी पुटे चढू लागतात. टँकरच्या पाण्यावरील घरांनी वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणी तपासून आकडा बदलावा. पट्टी नसेल तर गीझरची कॉइल आणि आंघोळीच्या बादलीची कड पुरेसे सांगतात.

उलट बाजूही आहे. कोथरूड, एरंडवणे किंवा पेठांत, जिथे नळाला निव्वळ धरणाचे पाणी येते, तिथे सेटिंग वर चढवून ठेवले तर मीठ फुकट जाते. अति मृदू पाणी आणि जादा पावडर यांनी काच हळूहळू झिजते. झिजलेली काच आणि क्षार बसलेली काच दिसायला सारखीच, धुरकट. लिंबूरस किंवा सायट्रिक ॲसिडचे पाणी चोळावे. पुट निघाले तर क्षार होते. नाही निघाले तर काच झिजली आहे, तिच्यावर उपाय नाही.

मीठ : डिशवॉशरचे जाडे मीठच घालावे. खाण्याच्या बारीक मिठात गोळे होऊ न देणारी द्रव्ये असतात, खड्याच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियमची भेसळ असते, म्हणजे ज्यांना काढायचे तेच आत घालणे. मीठ भरल्यावर लगेच एक धुणे चालवावे, कारण सांडलेले मीठ स्टीलला खाते. झाकण सैल राहिले तर सगळ्या भांड्यांवर खरखरीत पुट येते. ते ओल्या बोटाने पुसले जाते आणि चवीला खारट लागते. क्षाराचे पुट असे पुसले जात नाही.

फवारा व जाळी : महाराष्ट्रीय स्वयंपाकाचा येथे स्वतंत्र विचार हवा. परदेशी माहितीपुस्तिकांत फोडणीचा उल्लेख नसतो. मोहरीचा दाणा फवाऱ्याच्या भोकाच्या मापाचा असतो. जाळी नीट फिरवून बसवली नसेल तर तो खालून निसटतो, पंपातून दांडीत चढतो आणि भोकात आतून अडकतो. दांडी काढून कानाशी हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजते. काडीने दाणा आत ढकलावा आणि दांडीच्या टोकातून पाणी सोडून बाहेर काढावा. बाहेरून टोचून तो फुटला तर चिकट लगदा होतो. जाळीत कढीपत्त्याचे पान आडवे बसते, त्यावर ओल्या खोबऱ्याचा चव आणि दाण्याचे कूट साचते. वर तेलाचा लेप बसला की पाणी गाळले जाण्याऐवजी तेच खरकटे घेऊन फिरते. जाळी रोजच्या वापरात आठवड्यातून एकदा नळाखाली धरावी.

रचना : खोल भांडी उपडी व तिरकी ठेवावीत. वाट्या एकीत एक बसल्या तर मधल्या कोरड्या राहतात. खालच्या कप्प्यात उभे पातेले ठेवले की वरची दांडी त्याच्या काठाला अडते आणि वरचा कप्पा सबंध तसाच निघतो. दार लावण्यापूर्वी दोन्ही दांड्या हाताने फिरवून पाहाव्यात. कढई व कुकरसाठी ७० अंशांचा कार्यक्रम काही यंत्रांत असतो. अर्ध्या तासाच्या झटपट कार्यक्रमात त्या निघाव्यात ही अपेक्षा चूक आहे.

पावडर : भाताचा स्टार्च आणि दुधाची साय विकरांमुळे सुटते. विकरांना उष्णता व वेळ दोन्ही लागतात. पूर्वी पावडरीत फॉस्फेट असे आणि ते काठिण्य सांभाळून घेई. अमेरिकेतील अनेक राज्यांत २०१० पासून आणि युरोपीय संघात २०१७ पासून त्यावर कडक मर्यादा आली. पेले धुरकट निघण्याच्या तक्रारी त्यानंतर अमेरिकेतही गाजल्या. ‘सगळे एकात’ प्रकारच्या वडीत मीठ असल्याचे सांगितले जाते, पण ती राळ ताजी करत नाही. जड पाण्यात मीठ वेगळे घालावेच.

हळद : हा दोष नव्हे. हळदीतील रंगद्रव्य तेलात विरघळून प्लॅस्टिकमध्ये शिरते आणि धुण्याने निघत नाही. डबा उन्हात ठेवल्यास रंग उडतो.

आधी विसळणे : मतभेद आहेत. उत्पादक फक्त खरकटे काढून टाकायला सांगतात. गढूळपणा मोजणाऱ्या यंत्रात विसळलेली भांडी घातली तर यंत्र पाणी स्वच्छ समजून धुणे आखडते. पुण्यातील पुष्कळ घरांत न विसळलेले भांडे ओट्याजवळ संध्याकाळपर्यंत ठेवणे पटत नाही. तिथे माहितीपुस्तिकेचे काही चालत नाही.

दाब : अनेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतील पाणी तोटीपासून ३ ते ५ मीटर उंच हवे. जुन्या इमारतीत वरच्या मजल्याला एवढी उंची मिळत नाही. यंत्र भरायला वेळ घेते किंवा मध्येच थांबते. गच्चीवर दाबाचा पंप बसवावा. पावसाळ्यात गाळाने पाण्याच्या नळीच्या तोंडाची बारीक जाळी तुंबते, ती आधी पाहावी.

न घालावयाची भांडी : ॲल्युमिनियम (काळे पडते), बिडाचा तवा (गंजतो), तांबे-पितळ, पोळपाट-लाटणे.

वास : जाळी, दाराच्या रबराची खालची कड, निचऱ्याची नळी, या क्रमाने पाहावे.

विजेचे दोष : तापक व पंपाची दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी.