संसद गोल झाली ती संस्थानिकांमुळे

दिल्लीचे जुने संसद भवन, म्हणजे आजचे संविधान सदन, गोल का आहे असे कुणालाही विचारा. हमखास एकच उत्तर येते: मध्य प्रदेशातल्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून ते बांधले. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की पटतेही. पण छायाचित्र बाजूला सारून इमारतीचा आराखडा पाहिला, की वेगळेच कूळ दिसू लागते. आराखड्यात बाहेरच्या वर्तुळाआधी नजरेत भरतात ती तीन अर्धवर्तुळाकार दालने. मधल्या घुमटाखालच्या सेंट्रल हॉलभोवती ती एकमेकांपासून सारख्या अंतरावर बसवली आहेत. एक लोकसभेचे, दुसरे राज्यसभेचे. आणि तिसरे?

तिसरे नरेंद्र मंडळाचे, म्हणजे राजेमहाराजांच्या सभेचे. माझे म्हणणे असे की संसद गोल झाली ती या तिसऱ्या दालनामुळे.

इतिहासाचा ठळक भाग थोडक्यात सांगतो. 12 फेब्रुवारी 1921 रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांनी पायाभरणी केली, 18 जानेवारी 1927 रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी उद्घाटन केले. वास्तुरचनाकार एडविन ल्युटेन्स आणि हर्बर्ट बेकर, खर्च 83 लाख रुपये. आज दिल्लीच्या वारसा यादीत ती पहिल्या श्रेणीत आहे.

नव्या दिल्लीच्या मूळ आराखड्यात ही इमारत नव्हतीच. कायदेमंडळ व्हाइसरॉयच्या वाड्यातच एका दालनात बसेल, असा 1912 च्या सुमाराचा बेत होता. मूठभर सभासदांच्या सल्लागार मंडळाला तेवढे पुरेसे होते. मग 1918 चा माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवाल आला आणि त्यावर 1919 चा कायदा झाला. केंद्रात दोन सभागृहे आली आणि त्यांच्या जोडीला संस्थानिकांचे स्वतंत्र मंडळ ठरले. आता वाड्यातले दालन पुरणार नव्हते.

केवळ दोन सभागृहे असती तर काय झाले असते, याची उत्तरे जगात उभी आहेत. वॉशिंग्टनचे कॅपिटल पाहा: मध्ये घुमट, डावीकडे एक सभागृह, उजवीकडे दुसरे. बुडापेस्टच्या संसदेतही तेच. दोनाला दोन बाजू पुरतात आणि इमारत सरळ रेषेत लांबते. तीन आले की ही मांडणी मोडते. तिघांना एका ओळीत बसवले तर मधल्याला मान आणि कडेच्यांना दुय्यमपणा येतो. तोफांच्या सलामीच्या संख्येवरून मानापमान मोजणाऱ्या राजांच्या बाबतीत तर हे अशक्यच होते. मग तिघांना एका केंद्राभोवती 120 अंशांवर बसवणे, एवढाच मार्ग उरतो.

बेकर यांनी नेमके तेच केले. रायसीना टेकडीच्या पायथ्याशी मिळालेली जागा त्रिकोणी होती. त्यांनी आधी त्रिकोणी आराखडा काढला, मध्ये घुमट आणि तिन्ही बाजूंना एकेक सभागृह. ल्युटेन्स यांना तो पसंत नव्हता. या दोघांचे आधीच बिनसले होते. टेकडीच्या चढामुळे व्हाइसरॉयचा वाडा पूर्वीच्या राजपथावरून दिसेनासा होतो, हे ल्युटेन्स यांचे शल्य होते आणि त्याचा दोष ते बेकर यांना देत. संसदेच्या बाबतीत मात्र त्यांनी आपले म्हणणे रेटले. रोमच्या कोलोसियमसारखा गोल हवा, असा त्यांचा आग्रह 1920 च्या सुरुवातीला मान्य झाला. इमारत बेकर यांनीच उभारली, पण दुसऱ्याच्या आकारात.

गोलच का, यावर माझा तर्क असा. ही जागा मुख्य अक्षाच्या एका अंगाला पडते. तिथे ठसठशीत दर्शनी बाजू असलेली इमारत उभी केली, तर ती कुणाकडे तोंड करणार आणि कुणाकडे पाठ, हा प्रश्न येतो. गोलाला पाठच नसते. आतली तीन दालने तशीच ठेवून बाहेरून कडे घातले की तंटा मिटला.

आता मितावलीकडे वळू. मंदिर अप्रतिम आहे, यात वाद नाही. मुरैना जिल्ह्यात, शंभरेक फूट उंच टेकडीवर, अकराव्या शतकात कच्छपघात राजा देवपालाने ते बांधले असे मानतात. हा सारा मुलूख पुढे शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता, त्यामुळे मराठी माणसाला या तर्काचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पण खांब पाहा. मंदिराची बाहेरची भिंत भरीव आहे. चौसष्ट कोठड्या आतल्या अंगणाकडे तोंड करून आहेत आणि त्यांच्या पुढची खांबांची ओसरीही आतच आहे. संसदेत नेमके उलटे. तळाला तांबड्या दगडाची बैठक आणि तिच्यावर, पहिल्या मजल्याच्या उघड्या व्हरांड्यात, फिकट पिवळसर दगडाचे 27 फुटी 144 खांब बाहेर रस्त्याकडे पाहत उभे. अंगरखा उलटा करून घालावा तशी ही दोन वर्तुळे आहेत.

मध्यभागही जुळत नाही. मंदिरात मोकळ्या अंगणात शंकराचा एकटा मंडप आहे. संसदेत मधल्या हॉलला तीन दालने जोडलेली, आणि त्यांच्यामध्ये तीन बागा. आकडेही बोलतात. 64 ला तिनाने भाग जात नाही, 144 ला जातो. प्रत्येक 120 अंशांच्या कमानीत 48 खांब बसतात. हा योगायोग असेल, पण मला तो तीन दालनांच्या हिशेबातून आलेला वाटतो. मितावलीचे समर्थक रूपसाम्यापाशीच थांबतात. जाळ्या आणि छज्जे ही इथली देणी संसदेने उघडपणे घेतली आहेत; पण वर्तुळाचे मूळ मितावलीत शोधण्याची गरज पडत नाही.

अशोकचक्रावरून आकार घेतला, हाही एक दावा आहे. चक्र राष्ट्रध्वजावर आले 22 जुलै 1947 रोजी, इमारत त्याआधी वीस वर्षे उभी होती. टीकाकार रॉबर्ट बायरन यांना 1931 मध्ये या इमारतीत स्पेनमधले बैलझुंजीचे रिंगण दिसले होते. वर्तुळ दिसले की ज्याला त्याला आपले वर्तुळ आठवते, एवढेच यातून कळते.

राहता राहिले ते तिसरे दालन. नरेंद्र मंडळाचे उद्घाटन 8 फेब्रुवारी 1921 रोजी झाले, इमारतीच्या पायाभरणीच्या चारच दिवस आधी, आणि दोन्हींना पाहुणा एकच, ड्यूक ऑफ कनॉट. मंडळात 120 जागा: 108 संस्थानांचे राजे स्वतःच्या हक्काने, आणि 127 छोट्या संस्थानांचे मिळून 12 प्रतिनिधी. एवढ्या भव्य दालनाचा वापर मात्र वर्षातून थोडेच दिवस होई. म्हणून 1937 मध्ये फेडरल कोर्ट स्थापन झाले तेव्हा ते इथेच बसले. त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत आपले मुकुंदराव जयकर होते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर याच इमारतीत, लोकसभेच्या दालनात बसले हे सर्वांना ठाऊक असते. जयकरांचे दालन फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुढे संस्थाने विलीन झाली आणि ज्यांच्यासाठी हा तिसरा कोन काढला तेच उरले नाहीत. 28 जानेवारी 1950 रोजी सर्वोच्च न्यायालय याच दालनात सुरू झाले. व्यक्तिस्वातंत्र्यावरचा ए. के. गोपालन खटला त्याच वर्षी इथे चालला. 1958 मध्ये न्यायालय आजच्या टिळक मार्गावरील स्वतःच्या इमारतीत गेले, आणि राजांच्या दालनात पुढे खासदारांसाठी ग्रंथालयाची टेबले लागली.