बातमीची शहानिशा : दोन परंपरा, एक परिषद

मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून अकोल्यात दंगल उसळली व त्यात एकाचा बळी गेला. तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातून बातमी धाडणाऱ्या वार्ताहराची जबाबदारी अशा वेळी किती मोठी असते, हे त्यातून दिसते.

कुराणातील ‘अल्-हुजुरात’ ही ४९ वी सुरा बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या वार्तेची शहानिशा करण्यास सांगते. पाठीमागील निंदा व हेरगिरी निषिद्ध ठरवते. पाश्चात्त्य नीतिसंहिताही अचूकता आणि खासगीपणाचा आदर यांवर भर देतात. मतभेद उरतो तो श्रद्धेच्या चिकित्सेबाबत. पाश्चात्त्य परंपरा तिला नागरिकाचा हक्क मानते, तर इस्लामी परंपरेत पावित्र्यरक्षणास अग्रक्रम असतो.

१९७८ च्या कायद्यान्वये चालणाऱ्या भारतीय प्रेस कौन्सिलची आचारसंहिता यातून मध्यममार्ग काढते : टीकेस मुभा, परंतु जातीय तेढ वाढविणाऱ्या लिखाणास प्रतिबंध. वाचकाने प्रथम संपादकास लिहावे. समाधान न झाल्यास, दैनिकातील मजकुराबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत कौन्सिलकडे तक्रार करावी. कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड करू शकत नाही. शिवाय दूरचित्रवाणी व समाजमाध्यमे तिच्या कक्षेबाहेर आहेत आणि अफवांचे पीक आज तेथेच अधिक येते.