दाट रक्ताची गोष्ट: विरळ हवा आणि पक्षाघात

करोनाच्या काळात घराघरांत बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आलं आणि प्राणवायूचा आकडा रोजच्या बोलण्यात शिरला. आकडा एकदम घसरला तर धोका, हे सगळ्यांना कळलं. आजचा प्रश्न जरा वेगळा आहे. रक्तातला प्राणवायू एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं कमी राहिला, तर पक्षाघाताचा धोका वाढतो का? ठरलेलं उत्तर एका दमात सांगता येतं: प्राणवायू कमी, म्हणून तांबड्या पेशी जास्त, म्हणून रक्त दाट, म्हणून मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी. ही साखळी खोटी नाही. पण तिची एकेक कडी कशी जोडली गेली हे पाहिलं, की ती वाटते तितकी सरळ राहत नाही. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं; 'म्हणून' हा शब्द आला की आमचे कान टवकारतात.

सुरुवात मेक्सिकोत होते. तिथे देनी झूर्दाने नावाचे एक फ्रेंच डॉक्टर होते. 1860 च्या दशकात त्यांनी लिहून ठेवलं की उंच पठारावरच्या काही रुग्णांना पांडुरोग्यासारखी चक्कर येते, थकवा येतो. पण रक्त पाहावं तर पातळ नाही, उलट दाट. मग उणीव कशाची? रक्ताची नाही, रक्तातल्या प्राणवायूची. या झूर्दानेंनीच पॅरिसच्या पॉल बेर यांना प्रयोगांसाठी पैसा पुरवला, आणि 1878 मध्ये बेर यांचा जाडजूड ग्रंथ आला. उंचीवरचा त्रास हवेच्या दाबामुळे होतो असं म्हणत, पण खरं कारण त्या दाबाबरोबर घटणारा प्राणवायू, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. पुढे 1889 साली फ्रांस्वा व्हियो पेरूमधल्या मोरोकोचा या खाणींच्या गावी गेले. उंची सुमारे 4,500 मीटर. तिथे त्यांनी स्वतःच्याच तांबड्या पेशी मोजल्या. घन मिलिमीटरला पन्नास लाखांच्या आसपास असलेली संख्या तीनेक आठवड्यांत सत्तर लाखांच्या पलीकडे गेली. आज आपण म्हणू, की यातला काही भाग रक्तातलं पाणी कमी झाल्याचा होता. तरी मूळ निरीक्षण टिकलं.

आता खरा वाद. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट हे मोठे शरीरशास्त्रज्ञ. 1920 मध्ये प्राणवायू कमी केलेल्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहिलेले गृहस्थ, म्हणजे हौशी नव्हेत. 1921-22 च्या हिवाळ्यात ते सहकाऱ्यांसह पेरूतल्या सेरो दे पास्को या सुमारे 4,300 मीटरवरच्या खाणगावी गेले आणि परतून त्यांनी असा निष्कर्ष मांडला, की उंचावर राहणारे सगळेच लोक शरीराने आणि बुद्धीने उणे झालेले असतात. बघा, किती सहज लिहिलं गेलं हे! ज्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या लोकांनी शेती केली, इंकांनी साम्राज्य उभं केलं, तिथला माणूस मुळातच अधू. का, तर समुद्रकाठच्या माणसाला तिथे धाप लागते.

लिमाचे डॉक्टर कार्लोस मोन्हे यांना हे लागलं. आणि त्यांच्या उत्तराची गंमत अशी, की ज्या माणसाने अँडीजच्या रहिवाशाचं निरोगीपण ठासून मांडलं, त्यानेच त्याचा विशिष्ट रोगही शोधला. 1925 साली मोन्हे यांनी लिमाच्या वैद्यक अकादमीपुढे सेरो दे पास्कोचा एक रुग्ण मांडला. तांबड्या पेशी प्रचंड वाढलेल्या. असं दाट रक्त म्हणजे 'वाकेचा रोग', असं तेव्हा मानत. पॅरिसच्या वाके यांनी 1892 मध्ये वर्णन केलेला तो रोग, ज्यात अस्थिमज्जा आपलीआपणच बेफाम पेशी तयार करत सुटते. मोन्हेंनीही पहिलं नाव तेच दिलं, पण त्याला 'उंचीवरचा' हे विशेषण जोडलं. या एका विशेषणावर पुढचं सगळं उभं आहे. कारण असे रुग्ण समुद्रसपाटीवर आणले की बरे होऊ लागतात. वाकेच्या रोगाचा रुग्ण नुसता लिमाला आणून बरा होत नाही. रक्त तितकंच दाट, पण कारण निराळं. 1928 मध्ये मोन्हेंचा 'अँडीजचा रोग' हा प्रबंध आला. म्हणणं असं, की बहुसंख्य लोक उंचीशी जुळलेले असतात. काहींचं ते जुळणं पुढे कधीतरी तुटतं, आणि तो रोग. डोकेदुखी, कानात आवाज, निळसर ओठ, झोपेची वाट. आज पुरुषात हिमोग्लोबिन 21 आणि स्त्रीत 19 च्या वर गेलं की या रोगाचा विचार करतात. ही रेघ 2005 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीने आखली.

मग पक्षाघाताचं काय? दाट द्रव अरुंद नळीतून हळू वाहतो, हे कुणालाही पटेल. वाकेच्या रोगात धोका पक्का सिद्ध आहे. 1978 मध्ये लंडनच्या पिअर्सन आणि वेदर्ली-मीन यांनी दाखवलं, की रक्तातलं पेशींचं प्रमाण जितकं जास्त तितक्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या घटना अधिक. तिथे शिरेतून रक्त काढतात आणि त्याचा उपयोग होतो. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी याला रक्तमोक्षणच म्हटलं असतं. साहजिकच डॉक्टरांनी हाच न्याय प्राणवायूच्या उणिवेला लावला. जन्मजात हृदयदोषामुळे आयुष्यभर निळ्या पडलेल्या रुग्णांचंही रक्त दाट असतं. तेव्हा काढा त्यांचं रक्त, पक्षाघात टळेल.

इथे ती साखळी तुटली. 1993 मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ पर्लोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रौढ रुग्णांचा अनेक वर्षांचा मागोवा मांडला. रक्त कितीही दाट असो, मेंदूच्या धमनीत गुठळी होऊन पक्षाघात झालेला एकही रुग्ण त्यांना सापडला नाही. 1996 मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात काही रुग्णांना पक्षाघात झालेला दिसला. पण त्याचा संबंध रक्ताच्या दाटपणाशी नव्हे, तर उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित लय, आणि वारंवार रक्त काढणं व त्यातून आलेली लोहाची कमतरता यांच्याशी जुळला. ज्या उपायाने धोका टळायचा, तोच धोक्याच्या यादीत! आकड्यावर इलाज केला की असं होतं.

याचा अर्थ प्राणवायूची उणीव निरुपद्रवी, असा कुणी काढू नये. भारतीय लष्करी डॉक्टरांनी 2002 साली अतिउंचीवरच्या पक्षाघाताचा अनुभव प्रसिद्ध केला. तिथल्या इस्पितळात दाखल होणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण सखल भागापेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि पुष्कळांचं रक्त दाट झालेलं होतं. पण हे मूळचे पहाडी लोक नव्हेत. मैदानातून वर गेलेले जवान. थंडी आहे, शरीरातलं पाणी कमी होतं, हालचाल अडते. नुसत्या रक्ताकडे बोट दाखवून कसं चालेल? आणि दुसऱ्या बाजूला 2009 चा स्वित्झर्लंडचा अभ्यास घ्या. तिथे दर हजार मीटर चढावामागे पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे 12 टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात ती गावं दोन हजार मीटरच्या आतली. इक्वेडोरच्या 2001 ते 2017 च्या नोंदींतही 2,000 ते 3,500 मीटरच्या पट्ट्यात पक्षाघात कमीच दिसला. त्याच्या वर गेलं की हा लाभ टिकत नाही. थोडी उणीव शरीराला कसाला लावते, मोठी उणीव मोडते, असं दिसतं खरं. पण मधली रेघ सगळ्यांसाठी एकच नाही.

तिबेटी लोक घ्या. तेवढ्याच उंचीवर त्यांचं हिमोग्लोबिन अँडीजच्या लोकांपेक्षा कमी राहतं. 2010 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी यामागचा जनुकीय धागा जवळजवळ एकाच वेळी दाखवला. म्हणजे रक्त दाट करणं हा विरळ हवेवरचा एकमेव तोडगा नव्हताच. फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी 1943 च्या आपल्या वैद्यकीय प्रबंधात हेच विचारलं होतं: सामान्य कशाला म्हणायचं, सरासरीला, की त्या परिस्थितीत जगण्याच्या क्षमतेला? बारक्रॉफ्टकडे सरासरी होती, मोन्हेंकडे माणसं होती.

आपल्यातल्या बहुतेकांना 4,000 मीटरवर राहायचं नाही. पण चुलीच्या नाहीतर विडीच्या धुराने फुप्फुसं गेलेला माणूस समुद्रकाठीही तशाच उणिवेत जगतो, आणि घोरता घोरता ज्याचा श्वास अडतो तो रोज रात्री थोडा डोंगर चढतो. 2005 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं, की अशा निद्रा-श्वासरोधात, रक्तदाबासारखी इतर कारणं वगळूनही, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका वाढतो. फुप्फुसांच्या रुग्णांबाबत 1981 ची ब्रिटिश चाचणी आहे. दिवसाचे किमान पंधरा तास प्राणवायू दिलेल्या 42 जणांपैकी पाच वर्षांत 19 दगावले. न दिलेल्या 45 पैकी 30. ती चाचणी जगण्या-मरण्याची होती, पक्षाघाताची नव्हे. पण त्या रुग्णांना मिळालं ते प्राणवायूचं नळकांडं. म्हणजे कमतरता होती तीच भरून काढली.