परवचा आणि उजळणी

दहावीची परीक्षा जवळ आली की गोंदिया जिल्ह्यातल्या गावागावांत रात्री उशिरापर्यंत दिवे दिसतात. दिव्याखाली बसलेला मुलगा तेच पान तिसऱ्यांदा वाचत असतो. विचारले तर म्हणतो, ‘उजळणी चालली आहे.’ पुस्तक मिटवून त्याला त्याच पानावरचा साधा प्रश्न विचारावा, तर तो अडखळतो. मग घरचे म्हणतात, अभ्यास कमी पडतो. मुलाला वाटते, आपले डोकेच कमी आहे. आमच्या मते दोन्ही निदाने चुकीची आहेत. चूक आहे ती उजळणीच्या पद्धतीत, आणि तिचा उलगडा थोडासा आपल्याच इतिहासात सापडतो.

जुन्या मराठी शाळांत सुट्टीआधी पाढे म्हणण्याची रीत होती. घरीही दिवेलागणीला मुले परवचा म्हणत. त्यात पाढे, वार, महिने, नक्षत्रे असत; शिवाय पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढेही असत. रुपये-आणे-पैच्या हिशेबाला ते लागतच. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे मापेही बदलली आणि या पाढ्यांची गरज ओसरली. त्यांच्याबरोबर परवचाही मागे पडला. घोकंपट्टी म्हणून आपण त्याला निरोप दिला.

परंतु परवच्यात दोन चांगल्या गोष्टी होत्या. एक, तो म्हणताना हातात पुस्तक नसे. जे यायचे ते आठवणीतूनच यायला हवे. दुसरी, तो एका रात्रीत उरकायचा नसे. रोज थोडा थोडा, वर्षानुवर्षे चाले. उणीव होती ती अर्थाची. क्रमाने पावकी म्हणणाऱ्या मुलाला मधूनच ‘सात पाव किती?’ असे विचारले, तर ‘पावणेदोन’ या उत्तरापर्यंत पोचायला त्याला पुन्हा ‘एक पाव’पासून सुरुवात करावी लागे.

या दोन गोष्टींचे मोल प्रयोगाने पुढे आले. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस या संशोधकाने निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. एकदा पाठ केलेले काही काळाने पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, हे तो मोजत असे. वीस मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, एका दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते. त्याचे दुसरे निरीक्षण अधिक उपयोगाचे आहे. बारा जुळण्यांची मालिका एका दिवशी लागोपाठ ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत वाटलेल्या ३८ आवर्तनांनी साधले.

१९३९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर यांनी सहावीच्या ३,६०५ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना वाचायला दिलेल्या उताऱ्यांपैकी एक बांबूविषयी होता. वाचल्यावर लवकर चाचणी झालेल्या मुलांना पुढे बरेच अधिक आठवले. चाचणीने शिकलेले नुसते मोजले जात नाही, तर ते पक्केही होते, असा याचा अर्थ. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारा गट पुढे होता : ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी की आपल्याला अधिक आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! आपला दिव्याखालचा मुलगा नेमका येथेच फसतो. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग वर्गात काय करावे? तासाची पहिली पाच मिनिटे पुस्तके मिटवून तीन प्रश्न विचारावेत : एक कालच्या पाठावर, एक मागच्या आठवड्याच्या, एक मागच्या महिन्याच्या. मुलांनी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून स्वतःच ताडून पाहावे आणि चुकलेल्यावर खूण करावी. या उत्तरांना गुण देऊ नयेत. नाहीतर आठवण्याचे धाडसच संपते. प्रश्नांचा क्रम बदलता ठेवावा आणि अधूनमधून ‘असे का?’ हेही विचारावे. परवच्याची उणीव त्याने भरून निघेल.

आपल्या धानाच्या पट्ट्यात रोवणीला आणि कापणीला अनेक मुले बांधीत असतात. परतल्यावर त्यांना मागचे अंधुक झालेले आढळते. त्यांना नव्याने सगळे वाचायला बसवण्याआधी, जे आठवते ते लिहू द्यावे. काय गेले आणि काय उरले, हे त्यांचे त्यांनाच कळेल. आणि पूर्वी शिकलेले दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागतो, हे एबिंगहाउसने दाखवलेच आहे. यासाठी शिकवणी लागत नाही, गाइड लागत नाही. कोरा कागद पुरतो. मात्र ही सुरुवात जूनमध्ये व्हायला हवी, फेब्रुवारीत नव्हे.

आणि मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी : विसरणे हा बुद्धीचा दोष नाही. थोडे विसरल्यावर कष्टाने आठवणे, हीच खरी उजळणी.