थांबलेले मीटर आणि मीर मोहसिन हुसैन

अब्बांच्या इंतकालानंतर वर्षभराने त्यांची गाडी विकायची ठरली. १९८६ सालची गाडी. इंजिन पहिल्या चावीला सुरू व्हायचे, पत्राही बरा होता. दुखणे होते ते डॅशबोर्डमध्ये. किलोमीटरचा आकडा ७१,३०४ वर कधीचा थांबलेला. वेगाचा काटा चालायचा, पण सारखा थरथरायचा. टाकी भरली तरी पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या पुढे जात नसे.

जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारा एक एजंट घरी येऊन गाडी पाहून गेला. जाताना म्हणाला, “मीटर दुरुस्त करणारच आहात, तर आकडा चाळीस हजारांवर आणून घ्या. दहा-पंधरा हजार सहज जास्त येतील.” खोटे कशाला बोलू, मला ते पटले होते. तसाही तो आकडा खरा नव्हताच. एका खोट्या आकड्याच्या जागी दुसरा बसवला तर काय बिघडते?

हाच प्रश्न घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामूंकडे गेलो. मामू आयुष्यभर मीटर दुरुस्त करत आले. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचे घड्याळजीचे भिंग आणि जुन्या मीटरच्या सुट्या भागांनी भरलेले बिस्किटांचे डबे, एवढेच त्यांचे दुकान. माझे बोलणे त्यांनी ऐकून घेतले. उत्तर दिले नाही. म्हणाले, “आधी उघडून तर बघू.”

जुन्या गाडीच्या मीटरची रचना समजली की बिघाड निम्मा सापडतो. गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल निघते आणि मीटरच्या पाठीत शिरते. ती एका लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, पण फिरणाऱ्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती त्याच दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या रचनेचे पेटंट घेतले. पुढे जवळपास शंभर वर्षे जगभरच्या गाड्यांत हेच तत्त्व चालले.

तीच केबल दुसरे कामही करते. वर्म गिअर आणि बारीक दातेरी चाकांमधून तिचा वेग उतरत उतरत आकड्यांच्या ड्रमपर्यंत पोचतो. एका ड्रमचा फेरा पूर्ण झाला की मधले छोटे पिनियन शेजारच्या ड्रमला एक घर पुढे ढकलते. हातचा एक पुढे नेण्याचे हे काम फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने १६४० च्या दशकात आपल्या गणनयंत्राकडून करून घेतले होते. करवसुलीच्या कामात असलेल्या वडिलांची आकडेमोड हलकी व्हावी, हा त्याचा हेतू होता.

त्यामुळे मामूंचे निदान सरळ असायचे. काटा आणि आकडा दोन्ही मेले असतील तर केबल तुटली किंवा तिला फिरवणारी गरारी झिजली. काटा जिवंत, आकडा मेलेला, तर दोष मीटरच्या पोटात. काटा थरथरतो, तर केबल कोरडी पडली किंवा कुठेतरी मुडपली. सगळे काटे एकदम झोपले तर मीटर उघडूच नका, आधी फ्यूज आणि अर्थिंग बघा. एकटा पेट्रोलचा काटा खोटे बोलत असेल तर टाकीतला फ्लोट आणि त्याच्या वायरी तपासा.

आमच्या गाडीत तीन बिघाड तीन ठिकाणी निघाले. टाकीजवळचे अर्थिंग गंजले होते. ते घासून घट्ट केल्यावर पेट्रोलचा काटा वर आला. केबल बाहेर काढून रॉकेलने धुतली, हलके ग्रीस लावले. वरचा चार बोटे भाग मात्र मामूंनी मुद्दाम कोरडा ठेवला. “ग्रीस वर चढलं की वाटीत जातं बेटा. मग गाडी चाळीसनं पळते अन् काटा सत्तर दाखवतो.” आकडा थांबला होता तो प्लास्टिकच्या एका छोट्या चाकाचे दात उडाल्यामुळे. मामूंनी डब्यांतून तसेच चाक शोधले आणि भिंगाखाली दोनदा दात मोजले. एक दात कमी-जास्त झाला तरी मीटर चालते, पण मग ते रोज थोडे थोडे खोटे बोलते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी पुणे-बंगळूर महामार्गावर घेतली. दहा किलोमीटरचे दगड मोजले. मीटरवरही दहा किलोमीटर पुढे सरकले होते.

त्या दगडांनी मला जुन्या वाचनाकडे नेले. अंतर मोजण्याची खटपट मोटारीच्या किती आधीची आहे! रोमन लेखक विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी मोजणीच्या रथाचे वर्णन केले आहे. त्याच्या चाकाचा घेर साडेबारा फूट. चारशे फेऱ्यांत पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा झाला की एक खडा पेटीत पडायचा. मुक्कामाला खडे मोजले की प्रवास कळायचा. चीनमध्ये अशाच गाडीवर लाकडी बाहुल्या असत. एक ‘ली’ अंतर झाले की एक बाहुली ढोल वाजवायची, दहा ‘ली’ झाले की दुसरी घंटा.

आपल्याकडे १५२८ मध्ये बाबराने आग्रा ते काबूल रस्ता मोजायचा हुकूम काढला. दर नऊ कोसांवर मनोरा आणि दर अठरा कोसांवर डाकेचे घोडे, ही योजना त्याने स्वतः ‘बाबरनाम्या’त लिहून ठेवली आहे. मोजणीला माणूस पाठवताना सोबत कारकूनही दिला होता. मोजणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा. नंतरच्या मोगलांनी बांधलेले कोसमिनार उत्तरेत आजही रस्त्याकडेला दिसतात.

अंतराचा संबंध पहिल्यापासून पैशाशी आणि विश्वासाशी आहे. हरकाऱ्याची मजुरी, घोड्याचा दाणा, टॅक्सीचे भाडे, जुन्या गाडीची किंमत, सगळे त्या आकड्यावर ठरते. मापात खोट करणाऱ्यांना तंबी देणारी ‘अल्-मुतफ्फिफीन’ ही सूरह आपण लहानपणी पाठ करतो. तराजू म्हटले की किराणा दुकान आठवते. डॅशबोर्डमध्येही एक तराजू आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

अमेरिकेने १९७२ मध्ये ओडोमीटरचा आकडा फिरवण्याविरुद्ध केंद्रीय कायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार आवडली. दुरुस्तीनंतर जुना आकडा कायम ठेवता येत नसेल, तर मीटर शून्यावर आणायचे आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दरवाजाच्या चौकटीवर लेखी चिठ्ठी लावायची. दुरुस्तीपूर्वीचा आकडा काय होता आणि दुरुस्ती कधी झाली, हे त्या चिठ्ठीत लिहायचे. ज्याने यंत्र उघडले त्याने त्याची साक्षही ठेवली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

साक्ष ठेवणाऱ्यांचीच साक्ष इतिहास फारशी ठेवत नाही. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजायला घेतली. त्याचा मुख्य आधार होता सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणारे यंत्र. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे पितळी वर्तुळ वाकले. लॅम्बटन तंबूत बसून कित्येक आठवडे ते वर्तुळ थोडे थोडे ओढून पूर्ववत करत राहिला. हा प्रसंग सर्वेक्षणाच्या प्रत्येक इतिहासात येतो.

पुढची नाजूक यंत्रदुरुस्ती ज्यांनी केली, त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. सय्यद मीर मोहसिन हुसैन हे मूळचे अर्काटचे. मद्रासला एका जवाहिऱ्याकडे काम करणारे कारागीर. सर्व्हेअर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकरच्या नजरेला त्यांचा हात पडला आणि ते कलकत्त्याला सर्वेक्षणाच्या कामावर आले. पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात इंग्लंडहून हेन्री बॅरो हा यंत्रकार आला. बॅरो गेल्यावर यंत्रांची जबाबदारी मोहसिन हुसैन यांच्याकडे आली आणि एव्हरेस्टनेही त्यांच्या कसबाची वाखाणणी केली.

ज्या यंत्रांनी हिमालयाकडे जाणाऱ्या रेषा आखल्या, त्यांच्या वर्तुळावरच्या रेघा खऱ्या आहेत की नाहीत, हे पाहणारा डोळा अर्काटच्या या कारागिराचा होता. वर्तुळावर केसभर चूक राहिली तर शेकडो मैलांवरचे शिखर चुकीच्या जागी जाते. १८६५ मध्ये जगातल्या सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. मोहसिन हुसैन यांच्या नावाचे गल्लीबोळही माझ्या माहितीत नाही.

आपल्या इतिहासात बादशहा आहेत, सूफी आहेत, शायर आहेत. त्यांच्याबद्दल आपण लिहितो, भांडतो, अभिमान बाळगतो. पण आपल्या मोहल्ल्यांतली खरी परंपरा हातांची आहे. मिरजेला हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरात एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे घडू लागले. तलवारीचे पाणी ओळखणारा हात तारेचा सूर ओळखू लागला. घड्याळजी, कलईवाले, वेल्डर, मीटरवाले याच साखळीतले. त्यांच्या कामाची किंमत एकाच गोष्टीवर ठरते. यंत्र बंद झाल्यावर आत काय झाले, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला फक्त कारागिराचा शब्द मिळतो. ती अमानत आहे.

परत मामूंच्या टेबलाकडे येतो. चाक बसले होते, आता आकडा कोणता ठेवायचा हे उरले होते. मामूंनी विचारले, “तुझे अब्बा पेट्रोलचा हिशेब लिहायचे ना?” अब्बा शाळामास्तर. दर वेळी भरलेले लिटर आणि किलोमीटर डायरीत लिहायचे. ७१,३०४ नंतर किलोमीटरचा रकाना रिकामा होता, पण लिटर शेवटपर्यंत लिहिलेले होते. आम्ही बेरीज केली, २,४५० लिटर. आधीच्या नोंदींवरून गाडी लिटरला सरासरी बारा किलोमीटर देत होती. म्हणजे आणखी सुमारे २९,४०० किलोमीटर. एकूण १,००,७०४.

मग आम्ही दोघेही हसलो. मीटरला ड्रम पाचच. खरा हिशेब त्यावर बसवला असता तर ००७०४ दिसले असते. चाळीस वर्षांची गाडी, सातशे किलोमीटर चाललेली! प्रामाणिक आकडाच सगळ्यात मोठे खोटे बोलला असता. एजंटला जे बेइमानीने हवे होते, त्याहून जास्त आम्हाला इमानदारीने मिळत होते.

मामूंनी आकडा ७१,३०४ वरच ठेवला आणि एका कागदावर लिहिले: मीटर इथे थांबले होते, अमुक तारखेला दुरुस्त केले, मधल्या काळात डायरीप्रमाणे अंदाजे २९,४०० किलोमीटर जास्त धरावेत. कागदाला पारदर्शक टेप लावून तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवला. अमेरिकेतल्या कायद्याबद्दल त्यांना काही माहिती नव्हती. त्यांच्या उस्तादांनी त्यांना असेच शिकवले होते.

गाडी घ्यायला आलेल्या शेतकऱ्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिच्याच आधारावर तीन हजार रुपये कमी करून घेतले. मला ते लागले नाही असे नाही. पैसे मोजून दिल्यावर त्याने विचारले, “ही चिठ्ठी कुणी लिहिली? पुढं मीटर बिघडलं तर त्यांच्याकडंच नेतो.”

चिठ्ठीवर तारीख होती, आकडे होते, नाव नव्हते. मामूंना फोन करून सांगितले, तर म्हणाले, “नाव कशाला? हिशेब बरोबर लिहिलाय ना?”

मी त्यांचे ऐकले नाही. पेन काढले आणि चिठ्ठीखाली त्यांचे नाव आणि दुकानाचा पत्ता लिहून दिला.