कागदाने वारली चित्राला काय दिले?

१/५ विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते. याच डहाणू तालुक्यातील गंजाड गावात एका साध्या वस्तूने कलेचा इतिहास पालटला. ती वस्तू म्हणजे कारखान्यातला कागद.

२/५ वारली समाजात लग्नाचा ‘चौक’ सुवासिनी लिहीत. सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पाणी, बांबूची काडी; मधोमध पालघट देवी. लग्न आटोपले की चित्राचे प्रयोजन संपे.

३/५ १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे चित्र कागदावर उतरले. विधीची वेळ नसतानाही, रोज चित्र काढता येऊ लागले.

४/५ भिंत गाव सोडत नाही. कागद गुंडाळून आगगाडीने, विमानाने जातो. तारप्याभोवतीचा नाच जगाने पाहिला. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

५/५ मात्र चौकाखाली कुणाची सही नसे. कागदाखाली आली, आणि ती बहुधा पुरुषाची. नवे साधन कला केवळ टिकवत नाही. कलाकार कोणाला म्हणायचे, हेही तेच ठरवू लागते. म्हणून वारली चित्र पाहताना त्या निनावी सुवासिनींचे स्मरण असावे.